क्लीनटेक स्टार्टअपसाठी इन्क्युबेटर कसा निवडायचा: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

क्लीनटेकमध्ये, म्हणजे ऊर्जा, पाणी, कचरा यांच्या स्वच्छ तंत्रज्ञानात, काही करू पाहणारी मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सगळ्यात चांगला ॲक्सिलरेटर कुठला?’ असा सरसकट चांगला कुठलाच नसतो. तुमचं काम कशावाचून अडलंय ते सांगा, मग कुठे जायचं ते सांगता येईल. बॅटरीची चाचणी घ्यायला जागा नाही? रसायनांचा प्रयोग घरी करता येत नाही? वीज कंपनी दारात उभं करत नाही? की नोकरी सोडल्यावर वर्षभर घर कसं चालवायचं ही चिंता आहे? प्रत्येक अडचणीसाठी जगात वेगळ्या प्रकारची संस्था आहे. चुकीच्या संस्थेत गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत, म्हणून निवडीला वेळ द्या.

आधी फरक समजून घ्या

इन्क्युबेटरमध्ये बसायला जागा मिळते, प्रयोगशाळा आणि यंत्रं वापरता येतात, कायदा आणि हिशेब सांगणारी माणसं भेटतात. मुक्काम एक ते तीन वर्षांचा, कधी त्याहून जास्त. ॲक्सिलरेटर हा ठरावीक मुदतीचा कार्यक्रम असतो, बहुधा तीन ते सहा महिन्यांचा. काही कंपन्यांची एक बॅच घेतात, मेंटॉर देतात, गुंतवणूकदारांशी गाठ घालून देतात आणि शेवटी डेमो डे होतो, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण. तिसरा प्रकार फेलोशिपचा. त्यात संशोधकाला दरमहा मानधन आणि प्रयोगशाळा मिळते, कंपनी उभी राहायची असते.

तीन महिन्यांचा हा साचा सॉफ्टवेअरमधून आला. २००५ मध्ये सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी ॲक्सिलरेटरने तो रूढ केला. ॲप तीन महिन्यांत लोकांच्या हाती देता येतं. नवं इलेक्ट्रोलायझर (पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारं यंत्र) किंवा सिमेंटला पर्याय देणारी प्रक्रिया देता येत नाही. हे न ओळखल्याची किंमत मोठी होती. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला. २००६ ते २०११ या काळात व्हेंचर कॅपिटलवाल्यांनी, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखमीचा पैसा घालणाऱ्यांनी, स्वच्छ ऊर्जेच्या स्टार्टअपमध्ये २५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घातली आणि त्यातली निम्म्याहून जास्त गमावली. नवे पदार्थ, नवी रसायनं, नव्या प्रक्रिया यांवर काम करणाऱ्या कंपन्यांना सर्वांत जबर फटका बसला. त्यांना कारखाना आणि वेळ हवा होता, गुंतवणूकदारांना मात्र काही वर्षांत परतावा हवा होता. आज क्लीनटेकसाठी ज्या वेगळ्या संस्था दिसतात, त्यांतल्या बऱ्याच या धड्यानंतर उभ्या राहिल्या किंवा बदलल्या.

पायरी १: आपण कुठे आहोत ते ठरवा

नासाने तयार केलेली १ ते ९ अशी तंत्रज्ञान सज्जतेची पट्टी सगळीकडे वापरतात. अर्जात तिला टीआरएल म्हणतात. ढोबळमानाने ३ म्हणजे प्रयोगशाळेत कल्पना खरी ठरली, ५ म्हणजे नमुना प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत चालला, ७ म्हणजे खऱ्या जागी चालला, ९ म्हणजे ग्राहकाकडे रोज चालतोय. ३-४ वर असाल तर फेलोशिप किंवा विद्यापीठातला इन्क्युबेटर बघा. ५-६ वर असाल तर यंत्रशाळा आणि चाचणीची सोय असलेला इन्क्युबेटर, आणि ७ च्या पुढे असाल तर पहिला मोठा ग्राहक मिळवून देणारा ॲक्सिलरेटर.

आकडा फुगवू नका. परीक्षकांत त्याच विषयातला माणूस असतो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन तास चाललेल्या यंत्राला ७ लिहिलंय हे त्याला दुसऱ्याच प्रश्नात कळतं.

पायरी २: अडचण ग्राहकाच्या अंगणात जाऊन लिहा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा, तुम्ही कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांसाठी कमी जळण लागणारं चुलाण तयार केलंय. ‘आमचं अभिनव हरित तंत्रज्ञान ग्रामीण भागात परिवर्तन घडवेल’ असे अर्ज निवड समितीसमोर ढिगाने येतात. त्याऐवजी हंगामात गुऱ्हाळावर पूर्ण दिवस काढा. उसाचं चिपाड आवारात पसरून वाळवायला किती जागा आणि किती माणसं लागतात? अवकाळी पावसात चिपाड भिजलं की काम किती दिवस थांबतं? काहिलीत रस ओतल्यापासून गूळ उतरेपर्यंत किती वेळ जातो, आणि एका आदणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, किती किलो चिपाड जळतं? वजनकाटा सोबत न्या, अंदाजावर जाऊ नका. गुळव्याशी बोला, कारण आच कधी वाढवायची आणि कधी उतरवायची ते तो ठरवतो. तुमच्या चुलाणात त्याला आचेवर ताबा ठेवता आला नाही तर गुळाचा रंग बिघडेल, आणि मग वाचलेल्या जळणाचं कौतुक कोणी करणार नाही.

मालकाला आणखी एक विचारा: चिपाड उरलं तर तो ते विकतो का, कोणाला, काय भावाने? जळण त्याला फुकटच पडत असेल आणि उरलेलं विकलं जात नसेल, तर ते वाचवण्यासाठी तो खिशात हात का घालेल? मग तुमचा खरा मुद्दा जळणाचा नसून धुराचा, मजुरीचा किंवा पावसात बंद पडणाऱ्या दिवसांचा असू शकतो. एवढं झालं की अर्जातलं वाक्य आपोआप तयार होतं: एका आदणाला आज इतकं चिपाड लागतं, आमच्या चुलाणात इतकं, चुलाणाची किंमत इतक्या हंगामांत वसूल होते, हे आम्ही अमुक गुऱ्हाळांवर मोजलं. या वाक्यातले आकडे भरता येत नसतील तर अर्ज पुढच्या बॅचला करा. हंगाम चुकला तर मोजमापासाठी वर्षभर थांबावं लागतं, तेही लक्षात ठेवा.

पायरी ३: अडचणीनुसार संस्था निवडा

*जागा आणि यंत्रं हवी असतील तर.* बॉस्टनजवळ सॉमरव्हिल इथे ग्रीनटाउन लॅब्ज आहे. २०११ मध्ये चार छोट्या कंपन्यांना यंत्रं जोडता येतील, आवाज-धूळ करता येईल अशी परवडणारी जागा हवी होती आणि त्यांनी ती मिळून घेतली; त्यातून ही संस्था वाढली. २०२१ मध्ये तिची ह्यूस्टनमध्येही शाखा सुरू झाली. स्टार्टअप इथे सभासद होऊन जागेचं शुल्क भरतात, संस्था कंपनीत हिस्सा मागत नाही.

त्या चारांतल्या एका कंपनीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे: प्रोमेथियन पॉवर सिस्टिम्स. सोरिन ग्रामा आणि सॅम व्हाइट यांना भारतातलं दूध गावातच थंड करायचं होतं. सुरुवात सौर ऊर्जेवरच्या शीतकरणापासून झाली. प्रत्यक्ष भारतात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की खेड्यात वीज येते, पण तिचा भरवसा नाही, आणि डेअऱ्यांना डिझेल जनरेटरचा खर्च जड जातो. तेव्हा त्यांनी आराखडा बदलला आणि वीज असताना गारवा साठवून ठेवणारी औष्णिक बॅटरी तयार केली. साधारण ३५ अंशांचं धारोष्ण दूध तिच्यावरून जाताना झटकन ४ अंशांपर्यंत उतरतं आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. कंपनीचं काम पुण्यात उभं राहिलं. नवख्यांनी यात बघण्यासारखं हे की अमेरिकेतल्या जागेने त्यांना यंत्र बनवायची सोय दिली. काय बनवायचं ते मात्र इथल्या संकलन केंद्रांनी शिकवलं. कुठलाही इन्क्युबेटर हे दुसरं काम तुमच्यासाठी करत नाही.

लॉस एंजेलिसचा क्लीनटेक इन्क्युबेटर, म्हणजे लासी, हाही २०११ चाच. त्यामागे शहर प्रशासन आणि शहराची वीज-पाणी पुरवणारी यंत्रणा आहे, आणि २०१६ पासून त्याचं स्वतःचं संकुल आहे. महानगरपालिकाच पाठीशी असली की रस्त्यावर, बसडेपोत, सरकारी इमारतीत यंत्र लावून बघायची परवानगी मिळणं सोपं जातं.

*संशोधनासाठी वेळ हवा असेल तर.* लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०१४ मध्ये सायक्लोट्रॉन रोड हा फेलोशिपचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच धर्तीवर ॲक्टिव्हेट ही ना-नफा संस्था दोन वर्षांची फेलोशिप देते. मानधन मिळतं, प्रयोगशाळा मिळते, हिस्सा द्यावा लागत नाही. अमेरिकेत पीएचडी किंवा पोस्टडॉक करणाऱ्या मराठी मुला-मुलींनी हा रस्ता जरूर बघावा. हातातलं संशोधन शोधनिबंधापुढे न्यायचं असेल तर यासारखी सोय क्वचित मिळते.

*पहिला ग्राहक हवा असेल तर.* हवाईतली एलिमेंटल ही संस्था २००९ पासूनची. हवाईला वीज बनवायला वर्षानुवर्षं बाहेरून तेल आणावं लागलं, त्यामुळे तिथे वीज महाग. २०१५ मध्ये तिथे कायदा झाला की २०४५ पर्यंत सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून यायला हवी. अशा ठिकाणी नव्या तंत्रज्ञानाला गिऱ्हाईक आणि तपासायला खरी जागा दोन्ही मिळतात, म्हणून तिथला कार्यक्रम प्रत्यक्ष प्रकल्प उभा करण्यावर पैसे लावत आला. २०१७ मध्ये सुरू झालेला फ्री इलेक्ट्रॉन्स हा तर जगभरच्या वीज कंपन्यांनीच मिळून काढलेला कार्यक्रम आहे. तिथे निवड झाली की थेट वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर पथदर्शी प्रकल्पाची बोलणी होतात. ग्रिड, मीटर, चार्जिंग, बिलिंग यांत काम असेल तर मी आधी इथे बघेन.

पाण्यात काम करणाऱ्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोचा इमॅजिन एचटूओ हा ॲक्सिलरेटर आहे. पूर्व आफ्रिकेत विक्री करायची असेल तर नैरोबीचं केनिया क्लायमेट इनोव्हेशन सेंटर. जागतिक बँकेच्या कार्यक्रमातून ते २०१२ मध्ये उभं राहिलं. युरोपात नोंदलेल्या छोट्या कंपनीला युरोपियन इनोव्हेशन कौन्सिलच्या ईआयसी ॲक्सिलरेटरकडून २५ लाख युरोपर्यंत अनुदान मिळू शकतं, शिवाय वेगळी भागभांडवली गुंतवणूक. मात्र अर्जाचं काम मोठं आहे आणि स्पर्धा तीव्र.

पायरी ४: आधी घराजवळ बघा

माझं स्पष्ट मत आहे की नमुना तयार होईपर्यंत परदेशी कार्यक्रमांच्या मागे लागू नये. पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे. नवे पदार्थ (मटेरियल्स), रसायनं आणि जैवतंत्रज्ञान यांवर उभ्या कंपन्यांसाठी देशात मोजक्याच जागा तितक्या तोडीच्या आहेत. आयआयटी मुंबईचं साइन हे इन्क्युबेटर २००४ पासून चालतंय. आयआयटी मद्रासच्या इन्क्युबेशन सेलमधून एथर एनर्जी बाहेर पडली. २०१३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आज रस्त्यावर दिसणारी स्कूटर बनवते. अहमदाबादच्या आयआयएममधलं सीआयआयई हे इन्क्युबेटर आणि टाटा ट्रस्ट्सच्या पाठबळावर २०१६ मध्ये उभी राहिलेली सोशल अल्फा यांनीही स्वच्छ ऊर्जेत बरंच काम केलंय.

पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नमुना बनवायला १० लाख रुपयांपर्यंत देते. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंतचं आहे. शेतीचा कचरा, एन्झाइम, जैवइंधन अशा जैवतंत्रज्ञानाच्या कामासाठी ते लागू पडतं. २०२१ ची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढे शेअरमध्ये बदलता येणारी रक्कम देण्यासाठी आखली गेली. हे पैसे बहुतांशी इन्क्युबेटरमार्फतच येतात, म्हणून इन्क्युबेटर निवडताना त्याच्याकडे आत्ता कुठली योजना चालू आहे हे विचाराच. योजनांच्या मुदती संपतात, अटी बदलतात. जुन्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबून बेत आखू नका.

महाराष्ट्र स्टेट इनोव्हेशन सोसायटीच्या स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या कंपन्यांना सरकारी विभागांकडून थेट कार्यादेश मिळतात. मला हे अनुदानाहून मोलाचं वाटतं. नगरपालिकेने यंत्र विकत घेऊन चालवलं, हा कागद पुढच्या प्रत्येक ग्राहकासमोर ठेवता येतो.

पायरी ५: बोलण्याआधी पेटंटचा अर्ज

स्पर्धेत, डेमो डेला किंवा महाविद्यालयाच्या प्रदर्शनात तंत्र उघड केलं की त्याचं नवेपण संपू शकतं आणि पेटंट हातचं जातं. म्हणून तात्पुरतं विनिर्देशपत्र, म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन, पेटंट कार्यालयात आधी दाखल करा. त्यानंतर पूर्ण विनिर्देशपत्र द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्ती आणि स्टार्टअपला ऑनलाइन दाखल करण्याचं शुल्क १,६०० रुपये आहे, वकिलाची फी वेगळी. महाविद्यालयात किंवा नोकरीत असताना शोध लावला असेल तर त्यावर संस्थेचा हक्क आहे का, हे लेखी स्पष्ट करून घ्या. गुंतवणूकदार हा प्रश्न विचारतोच.

पायरी ६: अर्ज आणि मुलाखत

अर्ज लिहिताना ‘तुम्ही आमच्याकडेच का?’ या प्रश्नाचं उत्तर संस्थेच्या यंत्राचं किंवा भागीदाराचं नाव घेऊन द्या. ‘तुमच्या मार्गदर्शनाचा लाभ व्हावा’ हे उत्तर नव्हे.

मुलाखतीत तुम्हीही विचारायचं असतं. प्रयोगशाळा कितीपर्यंत उघडी असते? यंत्र चालवणारा तंत्रज्ञ आहे, की यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून आहे? विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांमुळे आपला नंबर किती मागे जातो? चाचणी संस्थांशी करार आहे का? दुचाकीची बॅटरी बनवत असाल तर एआयएस-१५६ या मानकाची चाचणी टळत नाही. आगी लागण्याच्या घटनांनंतर २०२२ मध्ये ती आणखी कडक झाली. पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था अशा चाचण्या करते. शुल्क आणि ताटकळणं दोन्ही लहान कंपनीला परवडण्यापलीकडचं असतं, तेव्हा इन्क्युबेटरची ओळख आणि सवलत खरी कामाला येते.

त्यानंतर त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन-तीन संस्थापकांना फोन करा, त्यातली एक तरी बंद पडलेली कंपनी असू द्या. बंद पडलेल्या कंपनीचा संस्थापक मोकळेपणाने बोलतो. अडचणीच्या वेळी मेंटॉर फोन उचलत होते का, अनुदानाचा हप्ता वेळेवर आला का, हे संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं.

पायरी ७: करार वाचा, हिशेब कागदावर मांडा

भारतातले बरेच इन्क्युबेटर दोन ते पाच टक्के हिस्सा मागतात. परदेशी उदाहरण घ्यायचं तर वाय कॉम्बिनेटर १,२५,००० डॉलरला ७ टक्के घेतो आणि आणखी ३,७५,००० डॉलर गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत शेअरमध्ये बदलणाऱ्या कराराने देतो. संस्थापकांकडे उरले ९३ टक्के. पुढच्या फेरीत २० टक्के विकले की ९३ चे ७४.४ होतात, आणि त्या ३,७५,००० डॉलरचे शेअर त्यातून आणखी वजा होतात. कारखाना उभारायचा असेल तर क्लीनटेकला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त फेऱ्या लागतात, म्हणून सुरुवातीचा प्रत्येक टक्का जपून द्या. जागा, यंत्र किंवा ग्राहक यांपैकी काही ठोस मिळत असेल तर हिस्सा द्यायला माझी हरकत नाही. नुसत्या व्याख्यानांसाठी देऊ नका.

परदेशी ॲक्सिलरेटर कधी कधी मूळ कंपनी अमेरिकेत किंवा सिंगापूरला न्यायला सांगतात. तसं केलं की भारतातल्या कंपनीची मालकी परदेशी कंपनीकडे जाते, आणि सीड फंडासारख्या योजनेत भारतीय प्रवर्तकांचा किमान ५१ टक्के हिस्सा असण्याची अट असते. एक वाट धरली की दुसरी बंद होऊ शकते. भारतातल्याच कंपनीत परदेशी पैसा घेतला तर शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे माहिती भरावी लागते. सही करण्याआधी कंपनी सेक्रेटरीशी तासभर बोला, ती फी वाया जात नाही.

आत गेल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात मुक्कामाच्या शेवटी हातात काय हवं ते ठरवून टाका: चाचणीचा अहवाल, एखाद्या ग्राहकाचा खरेदी आदेश, ठरावीक तास सलग चाललेलं यंत्र. कार्यक्रमात सत्रं भरपूर असतात. त्यांतली आपल्या कामाची तेवढी निवडा, बाकीचा वेळ यंत्रापाशी घालवा.

अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा, प्रत्येक खरेदीचं जीएसटी बिल कंपनीच्या नावावर घ्या. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही आणि त्यावर सनदी लेखापालाची सही लागते. चाचणी अहवालावर नाव तुमच्या कंपनीचं असायला हवं, इन्क्युबेटरचं नको. अनुदानातून घेतलेली यंत्रं बाहेर पडताना कोणाकडे राहणार, हे करारात लिहिलेलं नसेल तर मुक्काम संपण्याच्या बऱ्याच आधी पत्र देऊन विचारा, आणि उत्तर लेखीच घ्या.